पाठलागाचे नकाशे : दोन बॉन्डपटांवरच्या प्रकल्प नोंदी

७ जून

चित्रपटांवर बोलायला आम्ही जमतो, त्या ऑगस्टच्या बैठकीतला अर्धा तास मी मागून घेतला. विषय: ‘कॅसिनो रॉयल’ (२००६) आणि त्याचा पुढचा भाग ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८).

याची सुरुवात गेल्या महिन्यात झाली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, दुसरा पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. गंगापूर रोडने घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. दुसरा कमी पडतो असं मलाही वाटतं, पण नेमका कुठे? मी बावीस वर्षं वास्तुविशारदाच्या ऑफिसात आरेखनाचं काम करते. तिथे ‘प्लॅन जमला नाही’ एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही. कुठली भिंत, कुठला जिना, किती इंच, ते दाखवावं लागतं. इथेही तसंच करायचं.

पद्धत अशी: मारामारीचा किंवा पाठलागाचा एक प्रसंग संपला की चित्रपट थांबवायचा, दिवे लावायचे आणि प्रत्येकाने आठवणीतून त्या जागेचा नकाशा काढायचा. कोण कुठून आला, कुठे चढला, कुठे पडला. मागे जाऊन बघायचं नाही. पाहणारे चौघे: मी, माझी भाची (लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते), तिचे बाबा म्हणजे दिंडोरीचे भाऊजी, आणि शेजारचे काका. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत.

१० जून

मूळ माहिती वहीत उतरवली. पहिला मार्टिन कॅम्पबेलचा, १४४ मिनिटांचा. दुसरा मार्क फॉर्स्टरचा, १०६ मिनिटांचा, बॉन्डच्या चित्रपटांत सगळ्यांत आटोपशीर. पहिल्याला इयान फ्लेमिंगच्या पहिल्याच कादंबरीचा, १९५३ सालच्या, भक्कम आधार आहे. दुसऱ्याने फ्लेमिंगच्या एका कथेचं फक्त नाव घेतलं. ती कथा १९६० च्या संग्रहातली आहे आणि तिच्यात हेरगिरी जवळजवळ नाहीच.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, निकाल देताना विसरायला नको. हॉलिवूडच्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. दुसऱ्या चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण जानेवारी २००८ मध्ये, ऐन संपात सुरू झालं. संहिता अर्धवट होती. आपण आणि दिग्दर्शक मिळून प्रसंग लिहीत होतो, असं डॅनिअल क्रेगनेच पुढे सांगितलं. आमच्या भाषेत, मंजूर नकाशा हातात नसताना काम जोत्यापर्यंत आलेलं. अशा इमारती मी पाहिल्या आहेत. त्या उभ्या राहतात, पण राहायला गेल्यावर कळतं की स्वयंपाकघराला खिडकीच नाही.

१५ जून

पहिला चित्रपट, पहिला मोठा प्रसंग. मादागास्कर. साप-मुंगसाच्या झुंजीभोवती गर्दी, तिथून एक माणूस पळतो, मागे बॉन्ड. पळणारा सेबास्तियां फुकां, पार्कूर नावाच्या त्या उड्यांच्या कसरतीतला मोठा माणूस. बांधकामाच्या जागेत शिरतात, लोखंडी सांगाड्यावर, तिथून क्रेनवर, पुन्हा खाली, आणि शेवटी वकिलातीच्या आवारात.

प्रसंग संपला, दिवे लावले. दहा मिनिटं कुणी बोललं नाही, नुसता पेन्सिलींचा आवाज. कागद शेजारी शेजारी मांडले आणि मला खरंच आनंद झाला. चारही कागदांवर क्रेन मध्यभागी होती. भाऊजींनी आयुष्यात कधी प्लॅन काढलेला नाही, पण त्यांच्या कागदावरसुद्धा ‘इथून चढला, इथे मारामारी, इथून उडी’ असे बाण बरोबर पडले होते.

याचं कारण शोधायला भाचीबरोबर पुन्हा पाहिलं (नकाशे काढून झाल्यावर मागे जायला परवानगी आहे). दोन गोष्टी दिसल्या. एक, माणूस उंचावर पोचला की कॅमेरा मागे सरतो आणि सगळी जागा दाखवतो, मग पुन्हा जवळ येतो. आम्ही कुठल्याही नकाशावर आधी उत्तर दिशेची खूण करतो, तसं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. पळणारा माणूस भिंतीवरच्या अरुंद फटीतून पाण्यासारखा निसटतो, बॉन्ड मागून येतो तो भिंत फोडूनच. दोघांचा मार्ग एकच, पण रेघा वेगळ्या. हा नवा बॉन्ड कसा आहे, हे एका भिंतीत सांगून टाकलं.

१६ जून

हॉटेलच्या जिन्यातली मारामारी. इथे प्लॅन काढून भागत नाही, सेक्शन काढावा लागतो. मी उभा छेद काढला: वरचा मजला, जिन्याचे टप्पे, तळ. बॉन्ड आणि बंडखोरांचा म्होरक्या ओबानो एकमेकांना धरून टप्प्याटप्प्याने खाली येतात, व्हेस्पर (ब्रिटिश खजिन्याकडून बॉन्डबरोबर आलेली, पुढे त्याची प्रेयसी) त्यांच्या मागे मागे उतरते. तळाशी बॉन्ड त्याचा गळा आवळतो आणि बंदुकीचा हात व्हेस्पर दाबून धरते. खाली उतरणं म्हणजे काय, हे जिन्याने सांगितलं.

त्यानंतरचा प्रसंग मारामारीचा नाही, तरी नोंदवते. व्हेस्पर कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली. बॉन्ड येऊन तसाच भिजत तिच्याशेजारी बसतो. भाची म्हणाली, “मावशी, याचा नकाशा काढायचा?” मी म्हटलं, काढ. तिने एक चौकोन काढला आणि कोपऱ्यात दोन ठिपके, जवळजवळ. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पत्त्यांच्या डावाबद्दल थोडक्यात: कादंबरीत बॅकारा आहे, चित्रपटात टेक्सास होल्डेम पोकर. आमच्याकडे दिवाळीत तीन पत्तीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. तरी भाऊजींना डाव कळला, कारण टेबलाशेजारी उभा असलेला बॉन्डचा मदतनीस माथिस व्हेस्परला हळू आवाजात सगळं समजावतो. ते समजावणं खरं तर आपल्यासाठीच आहे.

२१ जून

पाऊस. संध्याकाळी वीज गेली ती रात्री अकराला आली. काम नाही.

२९ जून

दुसरा चित्रपट. पहिला संपतो त्यानंतर तासाभरातच याची कथा सुरू होते. बॉन्डपटांत असं याआधी झालं नव्हतं. गार्डा सरोवराकाठचा रस्ता, बोगदा, बॉन्डची ॲस्टन मार्टिन, मागे अल्फा रोमिओ, मग संगमरवराची खाण. शेवटी सिएना गावात गाडी थांबते, डिकी उघडते आणि आत मिस्टर व्हाइट, पहिल्या चित्रपटातल्या गुप्त संघटनेचा माणूस.

दिवे लावले, कागद पुढे. कुणाची पेन्सिल हलेना.

काकांनी एक रस्ता काढला आणि त्याला दोन्ही टोकांना प्रश्नचिन्ह लावलं. भाऊजींनी डोंगर आणि पाणी काढलं, पण रस्ता पाण्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, ठरवता आलं नाही. भाचीने गाड्यांचे तुकडे काढले: चाक, दार, काच. माझ्या कागदावर बोगदा होता, आणि बोगद्यानंतर काहीच नाही. हा सगळ्यात प्रामाणिक नकाशा असावा, कारण लक्षात तेवढंच राहिलं.

सिएनातला पाठलागही तसाच. तिथे पालिओ नावाची घोड्यांची शर्यत असते. तिची खरी गर्दी ऑगस्ट २००७ मध्ये जाऊन टिपलेली आहे. जमिनीखाली एमच्याच (बॉन्डची वरिष्ठ अधिकारी) संरक्षकाने दगा दिलेला, वर चौकात घोडे. खालचं आणि वरचं आलटून पालटून दिसतं. पण खालचं भुयार चौकाच्या कुठल्या कोपऱ्याखाली येतं? छपरांवरून धावताना मनोरा मागे राहिला की पुढे आला? चारही कागद रिकामे, म्हणजे दोष आमचा नसावा.

३० जून

काल रात्री भाचीशी वाद झाला, आणि तो महत्त्वाचा होता म्हणून सविस्तर लिहिते.

तिला दुसरा चित्रपट आवडतो. ती म्हणते वेग म्हणजे चूक नव्हे. लग्नाचा तीन तासांचा ऐवज ती तीन मिनिटांत बसवते आणि लोक तो बघून रडतात. मी म्हटलं, मग इथे काय बिघडलं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने अंतरपाटाचं उदाहरण दिलं.

मंगलाष्टकं चालू आहेत. मध्ये अंतरपाट, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी. कॅमेरेवाला मांडवाच्या एकाच अंगाला राहिला तर नवरा कायम डावीकडे, नवरी कायम उजवीकडे. तो हौसेने पलीकडे गेला आणि तिथून घेतलेला तुकडा मध्ये जोडला, की दोघांच्या जागा बदलतात. अक्षता कुणावर पडल्या, कळत नाही. “पलीकडे जाऊ नये असं नाही मावशी. पण जाताना दाखवावं लागतं की मी जातोय. निदान भटजी तरी मध्ये दाखवायचे.”

गार्डा सरोवराजवळ भटजी दाखवलेच नाहीत. तिच्या लॅपटॉपवर तो भाग एकेक फ्रेम करून पाहिला. प्रत्येक तुकडा सुंदर आहे, मेहनतीचा आहे, खऱ्या गाड्या आपटलेल्या आहेत. तुकडा डोळ्यांत भरेपर्यंत पुढचा येतो. सिएनाच्या कलादालनात दोरांना लटकलेल्या दोघांची मारामारी हळू करून पाहिली तर ती अप्रतिम रचलेली आहे: पिस्तुलं दूर पडलेली, दोघांचे हात त्यांच्याकडे, बॉन्डचा पाय दोरात अडकलेला, आणि तशा उलट्या अवस्थेत त्याचा हात आधी पोचतो. चित्रपटाच्या वेगात यातलं निम्मं सांडतं. करणाऱ्यांच्या कष्टाचं वाईट वाटलं.

आणखी एक धागा. या चित्रपटाच्या साहसदृश्यांसाठी दुसऱ्या पथकाचा दिग्दर्शक म्हणून डॅन ब्रॅडलीला आणलं होतं. त्याआधी त्याने जेसन बॉर्न या दुसऱ्या हेराच्या २००४ आणि २००७ च्या चित्रपटांत हेच काम केलं होतं. तिथे ही तुटक पद्धत शोभते असं माझं मत आहे. बॉर्नची स्मृती गेलेली आहे. आपण कोण, कुठे, का, हे त्यालाच माहीत नाही, म्हणून आपणही त्याच्याबरोबर चाचपडतो. बॉन्डला मात्र तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं, चाचपडतो तो फक्त प्रेक्षक. दुसऱ्याचा सदरा घातला, पण खांद्यात बसला नाही.

६ जुलै

तीन दिवस धार लागली आहे. गोदावरीला पाणी आलं. सकाळी रामकुंडाकडे गेले होते, पुलावर माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघे, कंबर, छाती. धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा मोबाइलवर असतोच, पण नाशिककराला पूर कळतो तो मारुतीवरून.

तिथे उभी असताना माझ्या प्रकल्पातली चूक लक्षात आली. मी पहिल्या चित्रपटाला मारुती केलं आहे आणि दुसऱ्याचं पाणी त्याच्या अंगावर मोजते आहे. मोजमापाची ही रीत चुकीची नाही, पण मी एकच खूण बघितली: पाठलाग समजतो की नाही. पुढच्या भागाकडून याहून मोठी अपेक्षा असते. पहिल्यात जे घडलं, त्याचं ओझं यात कुणी उचललं का? व्हेनिसमध्ये बुडणाऱ्या घरात, पाण्याखाली, लिफ्टच्या पिंजऱ्यात व्हेस्पर गेली. ते दुःख दुसऱ्यात किती खोल आहे? ती खूण मी केलीच नव्हती.

आजपासून वहीत दुसरा रकाना: ‘जखम’. दुसरा चित्रपट पुन्हा पहिल्यापासून.

१३ जुलै

आज भाऊजींनी आम्हा सगळ्यांना मागे टाकलं.

दुसऱ्या चित्रपटातला खलनायक डॉमिनिक ग्रीन पर्यावरणवादी म्हणून मिरवतो. बोलिव्हियात वाळवंटाचा एक पट्टा त्याला हवा असतो. सगळ्यांना वाटतं खाली तेल आहे. बॉन्ड आणि त्याची साथीदार कमील विमानातून उडी मारून जमिनीतल्या खड्ड्यात पडतात, तेव्हा कळतं की त्याने जमिनीखालचं पाणी बांध घालून अडवलं आहे. वर एका वस्तीत लोक भांडी घेऊन नळाशी उभे, आणि नळ ठिबकता ठिबकता बंद पडतो.

हा बेत बॉन्डच्या खलनायकाला शोभण्याएवढा मोठा नाही, असं मी अनेकदा ऐकलं आहे. ना अणुबाँब, ना उपग्रह. भाऊजींची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. “याच्याएवढा डेंजर माणूस मी पिक्चरमध्ये बघितला नाही,” म्हणाले. “बाँब टाकला तर मिल्ट्री येती. पाणी अडवलं तर आपण नुसती अर्ज घेऊन फिरतो.”

आणि खरंच, हे समजायला नाशिकइतकी दुसरी जागा नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र इथे शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ असतं. खाली मराठवाडा तहानलेला, वर बागा. दोन्हीकडची माणसं खरी. आम्ही कोर्टकचेऱ्या पाहिल्या आहेत, मोर्चे पाहिले आहेत.

बोलिव्हियातही हे हवेतून आलेलं नाही. कोचाबांबा शहरात पाण्याचा कारभार खासगी कंपनीकडे गेला, दर वाढले, माणसं रस्त्यावर उतरली, आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. चित्रपटात शेवटी ग्रीन सत्तेवर येऊ पाहणाऱ्या जनरलसमोर कागद सरकवतो: पाणीपुरवठा आता आमचा, दर दुप्पट. सही कर. एवढं साधं, आणि म्हणूनच भीतिदायक. या एका बाबतीत माझ्या लेखी दुसरा पहिल्याच्या पुढे आहे. पहिल्यातला खलनायक ल शीफ्र शेवटी पैसे हरलेला, घाबरलेला माणूस आहे. त्याच्या डावावर कुणा गावाची तहान लागलेली नाही.

दुसऱ्याचं दुर्दैव असं की पाण्यावर तो दोन-तीन प्रसंगांपलीकडे थांबत नाही. नळाजवळची ती माणसं पुन्हा नीट दिसतच नाहीत.

२० जुलै

काकांचा दिवस. विमानाच्या पाठलागात बॉन्ड जुनं डाकोटा, डीसी-३, उडवतो. काकांनी नकाशा काढला तो बाजूने, उंचीसकट, नाकाचा कोन दाखवून. आम्हा तिघांना मात्र डोंगर आणि धूर एवढंच जमलं. निष्कर्ष: जाणकाराला वाट सापडते. जाणकार नसलेल्याला ती दाखवणं चित्रपटाचं काम होतं.

२७ जुलै

‘जखम’ रकाना भरू लागला.

सगळ्यांत भरलेली ओळ विमानातल्या बारची. रात्र, बॉन्डला झोप नाही. माथिस येऊन विचारतो, काय पितोयस? बॉन्डला सांगता येत नाही. बारमन शांतपणे साहित्य सांगतो: जिन, व्होडका, किना लिले, लिंबाच्या सालीचा काप. आणि बॉन्डचे असे सहा झाले आहेत. पहिला चित्रपट पाहिलेल्याला हे पेय ओळखू येतं. पत्त्यांच्या टेबलावर बॉन्डने ते पहिल्यांदा मागवलं होतं आणि पुढे त्याला व्हेस्परचं नाव दिलं होतं. आता तो ते नाव उच्चारत नाही. एकही गोळी न झाडता, खुर्चीवरून न उठता, हा त्या चित्रपटातला सगळ्यांत मोठा आघात आहे. काका डोळे पुसत होते. त्यांनी ते लपवलं नाही.

हा प्रसंग पहिल्याशिवाय उभाच राहत नाही. मग तो दुसऱ्याचा कमकुवतपणा मानायचा का? मला लहानपणी काळाराम मंदिराच्या बाजूला ऐकलेली कीर्तनं आठवली. पूर्वरंगात बुवा अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. मग नामाचा गजर, बुवांना हार, बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. उत्तररंगालाच येऊन बसलेल्या माणसाला गोष्ट कळते, पण ती का सांगितली ते कळत नाही. तो दोष आख्यानाचा नाही. ‘क्वांटम ऑफ सोलेस’ला आपण स्वतंत्र चित्रपट म्हणून तिकीट लावून बसवलं, आणि ते आहे एका पूर्वरंगाचं आख्यान. पिस्तुलाच्या नळीतून दिसणारा बॉन्ड, जो एरवी सुरुवातीला येतो, तो इथे अगदी शेवटी येतो. म्हणजे करणाऱ्यांनाही माहीत होतं की आख्यान आत्ता कुठे संपलं.

माथिसचा मृत्यूही याच रकान्यात. बॉन्ड त्याला मिठीत धरून ठेवतो, आणि मग त्याचं शव कचऱ्याच्या पेटीत टाकून खिशातले पैसे काढून घेतो. भाचीला हे सहन झालं नाही. मला वाटतं ते असंच असायला हवं होतं: आतून वाळलेला माणूस असाच वागतो. यावर आमचं एकमत झालं नाही, होणारही नाही.

३ ऑगस्ट

ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झचं तरंगतं रंगमंच, ‘तोस्का’चा प्रयोग, मागे तो प्रचंड डोळा. प्रेक्षागृहात बसून गुप्त संघटनेचे लोक कानातल्या यंत्रावरून बैठक घेतात, बॉन्ड मध्येच बोलतो, दचकलेले लोक उठून निघतात आणि उघडे पडतात. मग गोळीबार, पण गोळ्यांचा आवाज काढून टाकलेला, वर फक्त संगीत.

सवयीने कागद पुढे केले, फारशी आशा नव्हती. चौघांनीही काढला! रंगमंच, पायऱ्या, बॉन्डची उंचावरची जागा, उठून जाणारी माणसं. कापाकापी इथेही आहेच. फरक एवढाच की आधी जागा दाखवली, माणसं बसलेली दाखवली, मग मोडली. म्हणजे या मंडळींना येत होतं. वेळ मिळाला असता, कागदावर संहिता पुरी असती, तर सिएनासुद्धा असंच झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. चिडण्यापेक्षा हळहळ जास्त.

९ ऑगस्ट

उद्या बैठक. भिंतीवर लावायचे तक्ते तयार. वरच्या ओळीत पहिल्याचे नकाशे, खालच्या ओळीत दुसऱ्याचे, रिकामे कागदही तसेच लावणार आहे. त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही.

माझा निकाल: पहिला श्रेष्ठ. तो मोडण्याआधी बांधतो, क्रेन असो, जिना असो, व्हेस्परचा विश्वास असो. दुसरा मोडलेल्या घरात सुरू होतो आणि आपल्याला दिवा देत नाही. पण ‘पासंगालाही पुरत नाही’ हे मी मागे घेते. विमानातला बार, ब्रेगेन्झ, आणि तो कोरडा नळ, हे तीन कागद वरच्या ओळीतही शोभतील.

१० ऑगस्ट, रात्री

अर्ध्या तासाचे पाऊण तास झाले. रिकाम्या कागदांपुढे लोक जास्त वेळ उभे राहिले. ज्यांनी ते वाक्य उच्चारलं होतं, त्यांनी सिएनाचा नकाशा काढून बघायला कोरा कागद मागून घेतला.

शेवटी मी कझानचा कागद दाखवला, जो कालच काढला होता. दुसऱ्या चित्रपटाचा शेवट: रशिया, बर्फ, एक खोली. व्हेस्परला फसवणारा माणूस नव्या मुलीला घेऊन आत येतो, बॉन्ड अंधारात बसलेला. मुलीला तो बाहेर पाठवतो. पुढे आपल्याला दिसतो तो थेट बाहेर पडणारा बॉन्ड, दारात वाट बघणारी एम, आणि तो माणूस जिवंत असल्याचं कळल्यावर तिचं आश्चर्य. मग व्हेस्परचा गळ्यातला दागिना बर्फात पडलेला. खोलीत काय झालं, ते दाखवलेलं नाही.

म्हणून त्या कागदावर चार भिंती आहेत, एक दार, एक खुर्ची, वर उत्तरेची खूण. दारातून बाहेर जाणारी पावलं तुटक रेघेने. आत एकही रेघ नाही. भाचीने तो कागद मागितला, तिच्या एडिटिंगच्या टेबलासमोर लावायला. देऊन टाकला.